गर्भ कीं गुल्म? : एका निदानाचा इतिहास

वऱ्हाडांतील वाशीम या गांवाचें प्राचीन नांव वत्सगुल्म असें होतें. चौथ्या-पांचव्या शतकांत वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती. या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन यानें 'हरिविजय' नांवाचें प्राकृत काव्य रचिलें. हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. आणि पुढें राजशेखरानें आपल्या 'काव्यमीमांसें'त काव्यपुरुषाचा साहित्यविद्यावधूशीं विवाह लावला, तो याच नगरांत. इंग्रजी अमलांत वाशीम हा कांहीं काळ स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्यें तो मोडला, आणि १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा होऊन पुन्हां अस्तित्वांत आला.

या नांवाची उपपत्ति लावण्याचे प्रयत्न जुनेच आहेत. कामसूत्रावरील 'जयमंगला' नामक टीकेंत म्हटलें आहे कीं, दक्षिणापथांत वत्स आणि गुल्म नांवाचे दोन राजपुत्र भाऊ होते व त्यांनीं वसविलेला प्रदेश तो वत्सगुल्म. स्थानिक माहात्म्य याहून निराळें सांगतें: वत्स ऋषीच्या तपानें प्रसन्न होऊन देवांचा समुदाय त्याच्या आश्रमापाशीं येऊन राहिला, म्हणून वत्सगुल्म. संस्कृतांत गुल्म शब्दाचे अर्थ अनेक आहेत. झुडुपांची जाळी म्हणजे गुल्म, सैन्याची तुकडी म्हणजे गुल्म, आणि वैद्यकांत, पोटांत धरणारी गांठ म्हणजेहि गुल्मच. गांवाच्या नांवाचा रोगाशीं कांहीं संबंध नाहीं, हें आधींच सांगून टाकलेलें बरें. परंतु एकाच शब्दानें जाळी आणि गांठ या दोहोंचा बोध व्हावा, यांत आपल्या पूर्वजांची एक मार्मिक दृष्टि दिसून येते. आणि प्रस्तुत लेखाचा विषय त्या दृष्टीशीं निगडित आहे.

सुश्रुतानें गुल्म शब्दाची व्युत्पत्ति सांगतांना तीन कारणें दिलीं आहेत. याचें मूळ जो वायु, तो आंत दडलेला असतो. याचा उगम गूढ असतो. आणि हा जाळीसारखा पसरतो. यांतील वायूची कल्पना आज कोणी मान्य करणार नाहीं. परंतु 'मूळ गूढ असणें' हें लक्षण मात्र अक्षरशः खरें आहे. पोटावर हात ठेवला असतां गांठ हातास लागते. ती कशाची, कोठून उगवली व कोठपर्यंत गेली, हें हातास कळत नाहीं. ओळखण्याची ही अडचण दोन हजार वर्षांपूर्वीं होती, ती दोनशें वर्षांपूर्वीं होती, आणि तिचा कांहीं अंश आजहि शिल्लक आहे.

गुल्माचे पांच प्रकार मानलेले आहेत. त्यांपैकीं चार स्त्रीपुरुष दोघांनाहि होतात. पांचवा रक्तगुल्म हा केवळ स्त्रियांचा. चरकसंहितेच्या निदानस्थानांत त्याचें जें वर्णन आलें आहे, तें वाचणाऱ्यास थक्क करतें. ऋतुस्राव थांबतो; स्तनांत दूध येतें; ओंठ व स्तनाग्रें काळवंडतात; मळमळ होते; डोहाळे लागतात; पायांस सूज येते. सारांश, गर्भिणीचें एकहि लक्षण शिल्लक राहत नाहीं, आणि तरीहि ती स्त्री गर्भिणी नसते. अशा स्त्रीला जे गर्भवती म्हणतात, त्यांना ग्रंथकारानें सरळ मूढ म्हटलें आहे. मग शहाण्यानें ओळखावें कसें? त्याची खूण दिली आहे ती अशी: गर्भ हालतो तो अवयवांनीं हालतो, आणि त्यामुळें वेदना होत नाहींत, गुल्म फडफडतो तो सबंध गोळ्यानें, फार काळानें, आणि वेदनेसह. एवढेंहि करून संशय राहिल्यास? त्यावर चिकित्सास्थानांत सांगितलें आहे कीं, रक्तगुल्माची चिकित्सा दहावा महिना उलटल्यावर करावी. या नियमाचें एक कारण उघड आहे. ज्या काळीं पोटांत डोकावण्याचें कसलेंहि साधन नव्हतें, त्या काळीं वाट पाहणें हेंच एक निदान होतें. गर्भ असेल तर दहा महिन्यांत जन्मास येईल. न आला तर तो गुल्म. घाई करून औषध द्यावें आणि तो गर्भ निघावा, यापेक्षां वेदना कांहीं महिने सोसणें बरें, असा तो हिशेब होता.

रक्तगुल्म म्हणजेच आजचें फायब्रॉइड, असें समीकरण मांडण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण तो आवरला पाहिजे. चरकाच्या वर्णनांत एकच रोग नाहीं. गर्भाशयांत रक्त सांचून राहणें, गर्भ वाढण्याऐवजीं द्राक्षांच्या घोसासारखी वार वाढणें, खोटें गर्भारपण, अंडाशयाची पाण्यानें भरलेली गांठ, आणि गर्भाशयाच्या स्नायूंची घट्ट गांठ, या सर्वांची छाया त्या एका नांवाखालीं एकवटली आहे. प्राचीन वैद्यानें रोग वेगळे केले नाहींत; त्यानें एक प्रश्न वेगळा केला. 'हा गर्भ कीं गुल्म?' हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न केवळ वैद्याचा नव्हता, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. ज्या समाजांत बालविधवांची संख्या मोठी व त्यांच्यावरचा पहारा कडक, तेथें विधवेचें पोट वाढूं लागलें म्हणजे घरीदारीं एकच अर्थ काढला जाई. १८६३ मध्यें जोतीराव फुल्यांनीं पुण्यास बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें, तें या दुःखाची व्याप्ति ओळखूनच. १८८१ मध्यें सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेस अर्भकाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हां वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीची जी नालस्ती झाली, तिला उत्तर म्हणून 'स्त्रीपुरुषतुलना' हें जळजळीत पुस्तक १८८२ मध्यें निघालें. तें लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे वाशीमच्या शेजारच्या बुलढाण्याच्या, म्हणजे याच वऱ्हाडांतल्या. अशा काळांत, ज्या अभागिनीच्या पोटांत गर्भ नसून गांठ होती, तिची गत काय होत असेल, याची कल्पनाच करावी. गर्भ असता तर नऊ महिन्यांनीं लोकापवादाला निदान पुरावा तरी मिळता. गांठ असल्यास पुरावाहि नाहीं आणि सुटकाहि नाहीं.

असें आपल्याच देशांत होई, असें मात्र कोणीं समजूं नये. खुद्द व्हिक्टोरिया राणीच्या राजवाड्यांत १८३९ मध्यें हें नाटक सर्व जगासमोर घडलें. राणीच्या मातेच्या सेवेंत लेडी फ्लोरा हेस्टिंग्ज नांवाची एक अविवाहित मानकरीण होती. ज्या मार्क्विस ऑफ हेस्टिंग्जच्या कारकीर्दींत १८१८ मध्यें पेशवाई बुडाली, त्या गव्हर्नर जनरलची ही मुलगी. तिचें पोट वाढूं लागलें, तेव्हां दरबारांत कुजबूज सुरू झाली. तरुण राणीलाहि संशय आला, आणि तो तिनें आपल्या रोजनिशींत नोंदविला. राजवैद्य सर जेम्स क्लार्क यानें आधीं नुसत्या कपड्यांवरून पाहून तर्क बांधला होता. अखेर फेब्रुवारींत त्या स्त्रीला दोघां वैद्यांकडून तपासणी करून घेण्याची मानहानि सोसावी लागली, आणि ती कुमारिका असल्याचा दाखला मिळाला. पण तोंवर अब्रूचे धिंडवडे निघून चुकले होते. अॅस्कॉटच्या शर्यतींत लोकांनीं राणीची हुर्यो केली. ५ जुलै १८३९ रोजीं लेडी फ्लोरा वारली. शवपरीक्षेंत आढळलें काय, तर प्रमाणाबाहेर वाढलेलें यकृत. जगांतील सर्वांत वैभवशाली राजवाड्याच्या वैद्यास जें कळलें नाहीं, त्याबद्दल खेड्यांतील सुइणीला दोष देण्याचा अधिकार कोणास आहे?

एकोणिसाव्या शतकांत शस्त्रवैद्यांनीं पोट उघडण्याचें साहस सुरू केलें, आणि निदानाच्या चुका प्रथमच डोळ्यांस दिसूं लागल्या. या विद्येचा आरंभच एका चुकीच्या दुरुस्तीनें झाला आहे. १८०९ मध्यें अमेरिकेच्या केंटकी प्रांतांत जेन टॉड क्रॉफर्ड नांवाची स्त्री दिवस भरूनहि प्रसूत होईना. एफ्रैम मॅकडॉवेल या शस्त्रवैद्यानें तपासून सांगितलें कीं, हा गर्भ नव्हे, अंडाशयाची गांठ आहे. ती बाई साठ मैल घोड्यावर बसून त्याच्या गांवीं डॅनव्हिलला गेली. आणि गुंगीचें औषध ठाऊक नसलेल्या त्या काळांत शुद्धीवर असतां तिच्या पोटांतून साडेबावीस पौंडांची गांठ काढण्यांत आली. ती बरी झाली आणि पुढें तीस वर्षांहून अधिक जगली.

मॅकडॉवेलचा तर्क खरा ठरला. पुढच्यांचे ठरले नाहींत. १८४३ मध्यें मँचेस्टर येथें चार्ल्स क्ले यानें अंडाशयाची गांठ समजून एका स्त्रीचें पोट उघडलें. पाहतो तों आंत गर्भाशयाचें प्रचंड फायब्रॉइड! आतां मागें फिरणें शक्य नव्हतें. त्यानें गर्भाशयाचा वरचा भाग कापून काढला, रोगी दगावला. १८५३ मध्यें अमेरिकेंत लॉवेल या गांवीं वॉल्टर बर्नहॅम याचीहि अशीच फसगत झाली. शस्त्रक्रिया चालू असतां रोग्याला ओकारी झाली आणि फायब्रॉइड छेदांतून बाहेर आलें, तें पुन्हां आंत ढकलतां येईना. नाइलाजानें त्यानें गर्भाशय काढलें. आणि योगायोग असा कीं ती स्त्री वांचली. पोटांतून गर्भाशय काढूनहि रोगी वांचल्याचें हें पहिलें उदाहरण म्हणून सांगितलें जातें, आणि तें घडलें निव्वळ गैरसमजुतीनें. त्याच वर्षीं त्याच गांवांत गिलमन किंबल यानें, आणि पुढें १८६३ मध्यें स्ट्रासबुर्ग येथें कोबर्ले यानें, फायब्रॉइड आहे हें आधीं जाणून, ठरवून शस्त्रक्रिया केली. चुकून केलेल्या कृतीपासून ठरवून केलेल्या कृतीकडे जाणें, हाच या विद्येचा विकास म्हणावयाचा.

ही गांठ मुळांत आहे तरी काय, याचा उलगडाहि त्याच सुमारास झाला. लंडनच्या मॅथ्यू बेली यानें १७९३ च्या आपल्या ग्रंथांत तिचें वर्णन केलें होतें; परंतु ती गर्भाशयाच्या स्नायूंपासूनच बनते, हें जर्मन पंडित रुडॉल्फ फिर्को यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं दाखवून दिलें. गर्भाशयाची भिंत गुळगुळीत स्नायूंची असते. त्यांतील एकादी पेशी स्वतंत्रपणें वाढूं लागली कीं तिचा गोळा होतो. तो कापला असतां आंत पांढुरके, घट्ट, भोवऱ्यासारखे वळलेले तंतु दिसतात. हा गोळा गर्भाशयाच्या पोकळींत वाढला तर अंगावरून फार जातें. भिंतींत राहिला तर पोट जड होतें. बाहेरच्या बाजूस वाढला तर कित्येकदां कांहींच त्रास होत नाहीं. स्त्रीशरीरांत याहून सामान्य गांठ दुसरी नाहीं. आणि बहुतेक गांठी निरुपद्रवी असतात.

एवढी सामान्य गोष्ट ओळखण्यास एवढे सायास कां पडावे? कारण ही गांठ बहुरूपी आहे. बाहेरच्या बाजूची गांठ देंठावर लोंबूं लागली म्हणजे ती थेट अंडाशयाच्या जागीं जाऊन बसते, आणि मग मॅकडॉवेलच्या शहाणपणाची व क्लेच्या चुकीची गोष्ट पुन्हां घडूं शकते. गांठ फार वाढली कीं तिच्या गाभ्यास रक्त पुरेनासें होतें. तो भाग कुजत-विरघळत पाण्यासारखा होतो, आणि घट्ट गोळ्याची पाण्यानें भरलेली पिशवी बनते. गर्भारपणांत अशाच कारणानें गांठ एकाएकीं लालभडक होऊन दुखूं लागते, ताप येतो, आणि आंत्रपुच्छाच्या विकाराचा भास होतो. म्हातारपणीं तिच्यांत चुना सांचून ती दगडासारखी होते. हिपोक्रेटिसच्या संप्रदायांतील ग्रंथांत लारिसा गांवच्या एका साठ वर्षांच्या दासीची हकीकत आहे: तिला प्रसूतिवेदनांसारख्या कळा आल्या आणि दुसऱ्या एका बाईनें हात घालून तिच्या गर्भाशयाच्या तोंडाशीं आलेला चातीच्या भिंगरीएवढा खरबरीत दगड बाहेर काढला. ही अशी चुनखडी बनलेली गांठच असावी, असें आजचे वाचक मानतात.

याहून विलक्षण रूपेंहि आहेत. कांहीं गांठींत चरबी भरते आणि त्या चरबीच्या गांठींसारख्या दिसतात. कांहीं गर्भाशयापासून तुटून आंतड्यांच्या आवरणास चिकटतात आणि तेथून रक्त घेऊन बांडगुळाप्रमाणें जगतात. कांहींचे तंतु शिरांच्या आंतून सरकत, क्वचित् थेट हृदयापर्यंत, जाऊन पोचतात. कांहींचीं पिल्लें फुफ्फुसांत आढळतात. कांहीं पोटभर बारीक दाण्यांसारख्या विखुरतात. हीं सर्व लक्षणें कर्करोगाचीं. आणि तरीहि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां पेशी सौम्य निघतात. १९९६ मध्यें अमेरिकन शास्त्रज्ञांनीं एका अशा जातीचें वर्णन केलें कीं, ती गर्भाशयाबाहेर पसरून लालसर, फुगीर दळांची होते व हुबेहुब वारेसारखी दिसते. तिचें नांवहि वारेच्या दळांवरूनच ठेवण्यांत आलें. गर्भाचीं सर्व लक्षणें दाखवून गर्भ नसलेला चरकाचा रक्तगुल्म येथें आठवल्याशिवाय राहत नाहीं.

आपल्याकडे या विद्येच्या वाटेंत आणखी एक अडसर होता. स्त्रीला पुरुष डॉक्टरनें तपासूं नये, ही रूढि. ग्रँट मेडिकल कॉलेज मुंबईस १८४५ मध्येंच निघालें. परंतु तेथील विद्या माजघरापर्यंत पोचेना. १८८५ मध्यें लेडी डफरिन हिच्या नांवाचा फंड निघाला, १८८६ मध्यें मुंबईंत कामा हॉस्पिटल उघडलें, आणि त्याच वर्षीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून आनंदीबाई जोशी पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र. जुन्या संस्कृत ग्रंथांतील ज्ञान नव्या विद्येपुढें मांडण्याचा एका मराठी स्त्रीचा हा पहिलाच उद्योग होय. कोल्हापूरच्या रुग्णालयांतील स्त्रीविभाग त्यांची वाट पाहत होता. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं त्या निवर्तल्या. स्त्रीनें स्त्रीला तपासावें, ही गोष्ट आज इतकी साधी वाटते कीं तिची किंमत ध्यानांत येत नाहीं. निदानाचें पहिलें यंत्र म्हणजे हात; आणि तो हातच जेथें पोचत नाहीं, तेथें ग्रंथ काय करणार?

हातानंतरचें दुसरें साधन सूक्ष्मदर्शक. गांठ काढल्यावर तिचा तुकडा पाहून अंतिम निर्णय देणारा रोगविकृतिशास्त्रज्ञ हा या न्यायसभेंतील वरिष्ठ न्यायाधीश होय. मुंबईस १९४१ मध्यें टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलें, तेव्हां तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली, आणि आपल्या देशांत गांठींच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा पाया त्यांनीं घातला. सौम्य गांठ आणि दुष्ट गांठ यांतील रेषा मात्र फार दिवस धूसर होती. १९९४ मध्यें स्टॅनफर्ड येथील संशोधकांनीं तीन कसोट्या एकत्र करून मांडल्या: पेशी किती वेगानें विभागत आहेत, त्यांचें रूप कितपत बिघडलें आहे, आणि त्यांचे पुंजके विशिष्ट प्रकारें मृत झाले आहेत काय. एकाच कसोटीवर विसंबूं नये, तिन्हींची साक्ष जुळवावी, हें त्यांचें तात्पर्य.

परंतु हा न्याय गांठ काढल्यानंतरचा. न काढतां ओळखण्याचें साधन आलें तें एका बॉयलरच्या कारखान्यांतून. ग्लासगोचे प्राध्यापक इयन डोनाल्ड यांनीं ऐकलें होतें कीं, लोखंडाच्या सांध्यांतील चीर शोधण्यास ध्वनिलहरी वापरतात. २१ जुलै १९५५ रोजीं त्यांनीं शस्त्रक्रियेंत काढलेलीं फायब्रॉइडें आणि अंडाशयाच्या गांठी मोटारींत भरल्या आणि रेनफ्रू येथील बॅबकॉक आणि विल्कॉक्सच्या कारखान्यांत नेल्या. तुलनेसाठीं कारखान्यानें मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेविला होता. यंत्र लावतांच दिसून आलें कीं, पाण्यानें भरलेल्या गांठींतून लहरी आरपार जातात व पलीकडच्या भिंतीवरून परततात. घट्ट फायब्रॉइड मात्र निराळा प्रतिध्वनि देतें. सोनोग्राफीचा वैद्यकांतील संसार असा आपल्याच विषयापासून सुरू झाला. ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट'मध्यें डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनीं पोटांतील गांठींवरील आपला लेख छापला. त्यांच्या हातीं आलेली एक स्त्री जठराच्या असाध्य कर्करोगानें मरणार, असें ठरून चुकलें होतें. यंत्रानें दाखविलें कीं पोटांत एक मोठी पाण्याची गांठ आहे. ती काढली आणि बाई वांचली. ज्या प्रश्नासाठीं चरकानें दहा महिने मागितले होते, तो त्या यंत्रानें घटकाभरांत सोडविला.

याच यंत्राचा पुढें आपल्याकडे काय उपयोग झाला, हें वाचकांस सांगावयास नको. गर्भ कीं गुल्म हें पाहण्यासाठीं जें साधन निर्माण झालें, तें मुलगा कीं मुलगी हें पाहण्यासाठीं वापरलें जाऊं लागलें. त्याला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानें १९८८ मध्यें, इतर प्रांतांच्या आधीं, केला. सर्व देशासाठीं तो १९९४ मध्यें झाला. यंत्र प्रामाणिक असतें. प्रश्न विचारणारा प्रामाणिक असेलच, असें नाहीं.

आजचा निदानकार गांठीकडे पाहतांना कांहीं साधे प्रश्न विचारतो. दोन्ही अंडाशय वेगळे दिसतात काय? दिसत असतील, तर गांठ त्यांची नव्हे. गांठ आणि गर्भाशय यांच्यामध्यें रक्तवाहिन्यांचा पूल आहे काय? असेल, तर तिचें माहेर गर्भाशय. संशय राहिल्यास चुंबकीय प्रतिमा, म्हणजे एम्. आर्. आय्., काढतात; तिच्या एका प्रकारच्या चित्रांत साधें फायब्रॉइड काळसर, कडा रेखलेलें दिसतें. रक्तांतील 'सी. ए. १२५' नांवाचें द्रव्य अंडाशयाच्या कर्करोगांत वाढतें. पण तें फायब्रॉइडांतहि वाढूं शकतें, म्हणून तेवढ्यावरून कोणी फांशीची शिक्षा सुनावूं नये. १९३७ मध्यें मेग्ज यानें दाखवून दिलें होतें कीं, अंडाशयाच्या एका सौम्य गांठीमुळें पोटांत व छातींत पाणी होतें आणि गांठ काढतांच तें ओसरतें. फायब्रॉइडहि क्वचित् हेंच सोंग घेतें. पोटांत पाणी, रक्तांत तें द्रव्य आणि बाजूस गांठ, एवढें जुळूनहि रोग सौम्य निघाल्याचीं उदाहरणें आहेत.

उलट चूकहि तितकीच भयंकर. सार्कोमा नांवाचा दुष्ट रोग कधीं कधीं साध्या फायब्रॉइडाचा वेष घेऊन येतो. गांठीचे तुकडे करून लहान छिद्रांतून ते बाहेर काढण्याचें यंत्र निघाल्यावर हा धोका उघड झाला. कारण दुष्ट गांठ पोटांतच फोडली तर तिचें बीं सर्वत्र पेरलें जातें. २०१४ मध्यें अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्यानें इशारा दिला कीं, फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया केलेल्या साधारण ३५० स्त्रियांत एकीच्या गांठींत सार्कोमा दडलेला असूं शकतो. सौम्यास दुष्ट समजलें तर गर्भाशय जातें. दुष्टास सौम्य समजलें तर जीव जातो. या दोन चुकांमधल्या अरुंद बांधावरून निदानकारास चालावें लागतें.

पहिल्या चुकीस आपल्याकडे फार स्वस्त मानलें जातें, ही खेदाची गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत लंडनचे व्हिक्टर बॉनी यांनीं आयुष्यभर असें प्रतिपादिलें कीं, गांठ काढावी, गर्भाशय ठेवावें. त्यांच्या स्वतःच्या पत्नीचें गर्भाशय फायब्रॉइडांपायीं गेलें होतें, आणि त्या घरीं मूल झालें नाहीं; तें शल्य त्यांच्या विद्येच्या मुळाशीं होतें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. आमच्याकडे खेड्यापाड्यांत 'पिशवी काढली' हे दोन शब्द बायका ज्या सहजपणें उच्चारतात, तो ऐकणाऱ्यास अस्वस्थ करतो. बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांविषयीं ओरड झाल्यावर २०१९ मध्यें सरकारनें समिति नेमली. पाहणींतील सुमारें ८२ हजार स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक जणींचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. पोटांत गांठ आहे, तिचा कर्करोग होईल, अशी भीति घातली गेल्याच्या तक्रारी त्या वेळीं पुढें आल्या. ज्या स्त्रीला फडावरची एक खाडी परवडत नाहीं, तिच्या दृष्टीनें दरमहाच्या त्रासापेक्षां पिशवीच नको, हा हिशेब गरिबीचा आहे. पण ज्याला सौम्य गांठ आणि कर्करोग यांतील भेद ठाऊक आहे, त्यानें तो हिशेब वापरून घेणें, याला वैद्यक म्हणतां येणार नाहीं.

या सर्व इतिहासाचें तात्पर्य एका वाक्यांत सांगावयाचें तर, निदान म्हणजे घाई न करण्याची विद्या. चरकाच्या दहा महिन्यांची आज गरज राहिली नाहीं. त्यामागील वृत्तीची मात्र आहे. हातानें चाचपावें, लहरींनीं पाहावें, चुंबकानें पडताळावें, सूक्ष्मदर्शकानें ठरवावें. आणि या सर्वांच्या आधीं त्या स्त्रीला विचारावें कीं बाई, तुला काय होतें? लेडी फ्लोराला हा प्रश्न राजवाड्यांत कोणीं सरळ विचारला नाहीं, आणि फडावरच्या मजुरणीलाहि पुष्कळदां कोणी विचारीत नाहीं.

२०२४ मध्यें वाशीम येथें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. ज्या नगरांत काव्यपुरुषाचें लग्न लागलें असें राजशेखर म्हणतो, तेथें आतां शरीरशास्त्राचे वर्ग भरतात. रिसोड-मालेगांवच्या शिवारांतून एकादी बाई पोटावर हात धरून तेथें येईल, आणि एकादा तरुण विद्यार्थी तिच्या पोटांतील गांठ प्रथमच आपल्या बोटांनीं चाचपील. आपण ज्या गांवांत शिकतों त्याच्या नांवांतच हा शब्द आहे, हें त्याच्या ध्यानीं येवो वा न येवो. गुल्माचें मूळ गूढ असतें, हें सुश्रुताचें म्हणणें त्याच्या ध्यानीं राहिलें, आणि तें मूळ कळेपर्यंत त्याचा हात शस्त्राकडे वळला नाहीं, म्हणजे पुरें.